दिल्ली पाचशे अठ्ठावीस मैल

विमानतळावर नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "विमान चालवायचे का?" नाही म्हटलं की, "मग दुरुस्त करायचे?" त्यालाही नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो. विमान उडण्याआधी ते कागदावर उडवून पाहायचं, हे माझं काम होतं. नागपूरहून दिल्ली किती दूर, आज वारा कुठून, विमानाला किती वेळ लागेल, किती तेल जळेल, पोचल्यावर किती उरेल, हे सगळं मांडून तो कागद वैमानिकाच्या हातात द्यायचा. तो सही करायचा आणि निघायचा. कागद चुकला तर काय होतं, हे मी एकदा पाहिलं. ते लिहायचं ठरवून बरीच वर्षं झाली. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्या माउलीही आता नाहीत, म्हणून या दिवाळीला लिहितो आहे.

मी उमरेडचा. आमच्या घरात हातमाग. वडील, काका, आजोबा सगळे मागावर बसलेले. शाळेत पाचव्या-सहाव्या वर्गाच्या पुढं आमच्या आळीतलं कोणी गेलं नव्हतं. मी गेलो तो देशकर गुरुजींमुळे. गुरुजी भूगोल आणि गणित शिकवत. शाळेत हिंदुस्थानचा एक मोठा नकाशा होता, कापडावर चिकटवलेला, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्याच्यावर अंतर मोजायला गुरुजी माझ्या वडिलांकडून ताण्याचा धागा मागून न्यायचे. साधा धागा ओढला की लांबतो. मागावर चढवायच्या धाग्याला खळ दिलेली असते, तो कडक होतो, लांबत नाही. तो धागा नागपूरवर धरायचा, दुसरं टोक दिल्लीवर, मग उचलून खाली छापलेल्या प्रमाणपट्टीवर ठेवायचा.

"थांब," गुरुजी दर वेळी हात धरायचे. "धाग्याले हात लावायच्या आधी काय करायचं?"

"प्रमाणपट्टी वाचायची, गुरुजी."

"काहून?"

"मैल कोणते ते समजाले पाहिजे."

"हं. आता मोज."

आमच्या उत्तरांत दहा-वीस मैलांची चूक चालायची. पट्टी न वाचता मोजलं तर बरोबर उत्तरालाही शून्य मिळायचं.

मॅट्रिक झाल्यावर गुरुजी मला घेऊन स्वतः नागपूरला आले. कॉलेजच्या कचेरीत माझा फॉर्म त्यांनी भरला, वसतिगृहात माझी वळकटी त्यांनीच उचलून नेली. मी बी. एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी कागदावरचा शिक्का बोटानं चाचपून पाहिला. सोनेगावच्या विमानतळावर एका विमान कंपनीत मला नोकरी लागली ती स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी. पहिल्या सुटीत मी काम काय आहे ते समजावून सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "आपण जलमभर धागा धरला. हा बी धागाच धरून राह्यला. फक्त खुर्चीवर बसून."

आमची कचेरी म्हणजे एक लांब खोली, एक पंखा, नकाशांचं टेबल आणि शेजारच्या खोलीत बिनतारी यंत्र. साहेब होते मोहिते. भोसल्यांच्या काळापासून नागपूरच्या महाल भागात राहणारं घराणं. ते स्वतः लढाईत विमानातून फिरून आलेले. बोलताना निम्मं हिंदी. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला पहिलंच काम दिलं ते नागपूरहून निघणाऱ्या सगळ्या मार्गांची अंतरं आणि वेळा एका मोठ्या तक्त्यावर लिहून काढायचं. मी पंधरा दिवस खपलो. वर लाल शाईनं मथळा, काळ्या शाईनं आकडे, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव. दिल्ली, ५२८ मैल, तीन तास एकतीस मिनिटं. साहेबांनी तक्ता काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला. गुरुजी एकदा पाहायला आले होते. काचेवर नाक टेकवून सगळे आकडे वाचले, मग खालचं नाव वाचलं आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत उभे राहिले.

तिकिटाची खिडकी आमच्या शेजारीच होती, त्यामुळे तऱ्हेतऱ्हेची माणसं माझ्यापर्यंत यायची. इतवारीतले एक कापडवाले शेठ तक्ता पाहून अडून बसले. "रेल्वेनं दिल्ली पावणेसातशे मैल. तुम्ही लिहिलं सव्वापाचशे. बाकीचे दीडशे मैल तुम्ही ठेवले कुठं?" मी नकाशा काढला, धागा धरला, रेल्वे कशी वळणं घेत जाते ते दाखवलं. शेठ म्हणाले, "अरे, म्हणजे इतकी वर्षं हे लोक मले फिरवून राह्यले होते!"

एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांना विमानातून नर्मदेला नमस्कार करायचा होता, पण नदी कधी येते ते कळायचं कसं? मी हिशेब करून चिठ्ठी दिली, "नर्मदा १२ वाजून ५० मिनिटं." परत आल्यावर त्यांनी मला चिवड्याचा डबा आणून दिला. तेव्हापासून म्हाताऱ्या प्रवाशांना नर्मदेची चिठ्ठी द्यायची मला सवयच लागली. तो माझा मान होता म्हणा ना.

आता थोडं कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैल दोन असतात. एक जमिनीवरचा, आपल्या रस्त्याच्या दगडावर लिहिलेला. दुसरा सागरी, जहाजांचा. सागरी मैल मोठा; सात सागरी मैल म्हणजे जवळजवळ आठ जमिनीचे. आमच्याकडे सगळा हिशेब जमिनीच्या मैलांत चालायचा. मग हुकूम आला की पुढच्या महिन्यापासून सागरी मैल धरायचे. विमानाचे वेग नव्या मापात लिहिलेला छापील कागद आला, तो टेबलावर चिकटवला. जुना दीडशेचा वेग नव्या मापात एकशेतीस झाला. अंतरांचा तक्ता मात्र मी नव्यानं करायचा होता.

"नामदेव, तो तक्ता उतरव," साहेब दोनदा म्हणाले.

"करतो साहेब, नवा झाला की उतरवतो."

नवा झाला नव्हता. खरं सांगायचं तर मी त्याला हात लावला नव्हता. रोजचे कागद मी नव्या छापील फॉर्मवर बरोबर करत होतो. पण ती काच, तो लाल मथळा, खालचं नाव भिंतीवरून काढायला हात होत नव्हता. आठ दिवस, आणखी आठ दिवस, असं करत तो तिथंच राहिला.

जून महिना होता, पाऊस अजून आला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास गुरुजी कचेरीच्या दारात उभे दिसले. उमरेडच्या पहिल्या मोटारीनं आले होते. हातात पिशवी, आणि सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. मला म्हणाले, "सुमनची तार हाय."

सुमन त्यांची एकुलती मुलगी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लग्न होऊन दिल्लीला गेली होती, जावई सरकारी कचेरीत कारकून. तारेत एवढंच होतं की विषमज्वर आहे, इस्पितळात आहे, ताबडतोब या.

"दहाले दिल्लीची गाडी हाय," गुरुजी म्हणाले. "उद्या सकाळी पोचते. पण लोकं म्हणतात तुझं विमान आजच पोचते. मले काही समजून नाही राह्यलं गा. तूच सांग. तू म्हणशील तसं."

मी भिंतीकडं बोट केलं. "बाराला निघतं, गुरुजी. साडेतीनला दिल्ली."

गुरुजींनी तक्त्याकडं पाहिलं. "तीन एकतीस," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा खाली बसले.

एक जागा मिळाली. साहेबांनी मदत केली. बिनतारी यंत्रावर खासगी निरोप पाठवायला बंदी होती, तरी मी यंत्रावरच्या माणसाच्या हातापाया पडून दिल्लीच्या विमानतळावर कळवलं, अमुक इस्पितळात एवढं सांगा की वडील साडेतीनला पोचतात. जाताना गुरुजींच्या हातात मी नर्मदेची चिठ्ठी दिली. का दिली कोण जाणे. काहीतरी द्यावंसं वाटलं. त्यांनी ती वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली. "पट्टी वाचली होती ना?" असं म्हणून हसायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसत होते. शिडी चढताना त्यांनी चपला हातात घेतल्या, विमानातल्या बाईनं सांगितल्यावर पुन्हा पायात घातल्या.

विमान वेळेवर निघालं. माझा कागद बरोबर होता. आजही तो डोळ्यांसमोर आणून मी तपासतो, तो बरोबरच असतो.

सव्वाच्या सुमारास बिनतारीच्या खोलीतून हाक आली. दिल्लीकडं धुळीचं वादळ सरकत होतं. साडेतीनला विमानतळ बंद असणार, किती वेळ ते सांगता येत नाही. विमान तेव्हा नर्मदा ओलांडून सागरच्या आसपास होतं. वैमानिक या मार्गावर नवा होता. त्यानं आमच्याकडची जी रीत होती तसं विचारलं, दिल्लीवर पोचल्यावर, आग्र्यापर्यंत जाण्यापुरतं तेल राखून, मला किती वेळ घिरट्या घालता येतील? आग्र्याला कंपनीची माणसं नव्हती, तेलाची सोय नव्हती. तिथं नाइलाजानंच उतरायचं असे.

साहेब तेव्हा धावपट्टीच्या टोकाला गेले होते. हिशेब मलाच करायचा होता. यंत्रवाला दारात उभा राहून, "जल्दी बोलो भाई, जल्दी," म्हणत होता. माझ्या डोळ्यांसमोर गुरुजींच्या हातातल्या चपला होत्या. सकाळचा माझा बरोबर कागद वैमानिकाबरोबर गेला होता, त्याची नक्कल साहेबांच्या खणात. मी मान वर केली आणि भिंतीवरून अंतर घेतलं. पाचशे अठ्ठावीस. मान खाली केली आणि टेबलावरच्या छापील कागदावरून वेग घेतला. एकशेतीस. भागाकार केला. चार तास चार मिनिटं. सकाळी साडेतीन तास निघाले होते, आता चार कसे, असा विचार मनात आला नाही असं नाही. समोरून वारा वाढला असेल, असं मीच माझ्याशी म्हणालो. तेलातून वजाबाकी केली.

"वीस मिनिटं," मी म्हणालो.

पलीकडून उत्तर आलं. वीस पुरत नाहीत. परत येतो.

अडीचच्या पुढं विमान सोनेगावला उतरलं. गुरुजी सगळ्यांच्या शेवटी उतरले. मी शिडीपाशी गेलो. ते म्हणाले, "तुझी नर्मदा बरोबर आली गा. बारा पन्नास. घड्याळ लावून पाह्यलं मी." मग म्हणाले, "अन् मग एक तासानं पुन्हा आली. तवा मले समजलं. बाकीच्यायले कोणालेच नाही समजलं, मलेच समजलं."

दिल्ली चार वाजून दहा मिनिटांनी उघडली. साडेतीननंतर बरोबर चाळीस मिनिटांनी. ती बातमी आली तेव्हा गुरुजी माझ्या खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी दुसरं विमान नव्हतं. संध्याकाळच्या गाडीत मी त्यांना बसवलं. दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, माणसं किती वेळ थांबणार? सुमन आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला गेली होती.

हे सगळं गुरुजींनी मला एका पोस्टकार्डावर कळवलं. त्यात एक ओळ अशी होती : "निरोप तिला मिळाला होता. चार वाजेपर्यंत शुद्धीवर होती व घड्याळ विचारीत होती."

चूक मला तीन दिवसांनी सापडली. परत आलेल्या विमानात किती तेल उरलं त्याचा कागद आला. त्यावरून आणि विमानाच्या खऱ्या वेळांवरून मोजलं तर दिल्लीवर माझ्या हिशेबापेक्षा बरंच जास्त तेल उरलं असतं. मी पुन्हा मांडलं. मग भिंतीकडं पाहिलं. जमिनीचे मैल आणि सागरी वेग. ज्याला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती त्यानं तीच केली नव्हती. खरं उत्तर वीस नव्हतं, त्रेपन्न होतं.

मी तक्ता उतरवला आणि तेलाचा व माझ्या हिशेबाचा असे दोन्ही कागद घेऊन साहेबांकडं गेलो. त्यांनी शांतपणे वाचले.

"सुनो नामदेव. वीस सांगून विमान परत आलं. त्रेपन्नच्या जागी ऐंशी सांगितले असतेस तर? एकवीस माणसं शेतात पडली असती. चूक हुई, पण सुरक्षित बाजूला हुई. अशा चुकीची नोंद होत नाही."

"साहेब, नोंद करा."

"काय लिहू? सगळे प्रवासी सुखरूप परत आले, असं लिहू?" त्यांनी कागद खणात टाकले. "गप बैठ. तेरी गलती से कोई मरा नहीं."

ते असं म्हणाले, आणि विमानापुरतं ते खरंच होतं. त्या वर्षी सावध कामाबद्दल माझी शिफारसही झाली. मी आयुष्यात इतका एकटा कधी पडलो नाही.

महिन्याभरानं मी उमरेडला गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते, मागच्या स्वयंपाकघरात माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाकरी थापत होत्या. भाकरीचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. तक्ता, एकशेतीस, वीस. गुरुजींनी मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर फळ्यापुढं उभे असल्यासारखं विचारलं,

"खरे किती निघत होते?"

"त्रेपन्न."

"वादळ किती वेळ राह्यलं?"

"चाळीस."

त्यांनी बोटानं ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर दोन आकडे लिहिले, खाली रेघ ओढली. "तेरा उरत होते," ते म्हणाले. मग तळहातानं ते सगळं पुसून टाकलं. पुसण्यासारखं तिथं काहीच उमटलं नव्हतं, तरी बराच वेळ पुसत राहिले.

मी म्हणालो, "गुरुजी, मला काहीतरी बोला."

"काय बोलू गा? वर्गात असतास तं शून्य दिलं असतं." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "एक कर. माईले सांगू नको. तिले वाटते, हवेनं विमान परत आणलं. हवेवर माणूस किती दिवस राग धरते? सोडून देते. माणसावरचा नाही सोडता येत."

"आणि तुम्ही?"

ते उठले आणि आतल्या दाराकडं पाहून म्हणाले, "पान वाढ वं. नामदेव जेवून जाईल."

मी नको म्हणालो. माईंनी ऐकलं नाही. पाटावर बसवलं, भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली. समोर बसून पदरानं वारा घालू लागल्या. "खा बाप्पा. तुयामुळे विमानात तरी बसाले भेटलं यायले. आमचं तिथं कोण होतं दुसरं? तू तुयाकडून केलं. आता देवाच्या मनात नव्हतं तं तू काय करशील?"

मी घास घेत होतो. गुरुजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. भिंतीवर शाळेचा तो जुना नकाशा होता. शाळेनं टाकून दिला तेव्हा त्यांनी घरी आणलेला. त्याच्या खिळ्याला माझ्या वडिलांच्या मागाचा धागा अजून लटकत होता.

माईंचा हात थांबला. त्या नकाशाकडं पाहात होत्या.

"नामदेव, तू तं हेच काम करते. मले एक सांग. दिल्ली किती दूर हाय गा?"

मी भाकरीचे तुकडे करत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं.

"पाचशे अठ्ठावीस," दारातून गुरुजी म्हणाले. "जमिनीचे मैल."